ईगल की बफेलो, एक औंस की दशांश: सॅन होजेच्या सदस्यांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅन होजेत राहता, वर्षभरात साधारण चार औंस सोनं नाण्यांच्या रूपात घ्यायचं आहे, आठ-दहा वर्षं हात लावायचा नाही, त्यातलं काही पुढे पुण्याला न्यायचा विचार आहे. अमेरिकी सरकारी टांकसाळीच्या (मिंटच्या) दोन सोन्याच्या नाण्यांपैकी अमेरिकन ईगल २२ कॅरेटचं म्हणून मनातून उतरलंय, बफेलो २४ कॅरेटचं म्हणून भरलंय. अडीनडीला एकेक मोडता यावं म्हणून दशांश औंसाची चाळीस नाणी घेऊ का, आणि मिंटची डबीतली प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली) नाणी कशी, हेही विचारलंय.

माझं मत आधी सांगतो. एक औंसाचं साधं ईगल घ्या, साल कुठलंही चालेल, त्या दिवशी जे स्वस्त मिळेल ते. बफेलो त्याच भावात मिळालं तर तेही घ्या. दशांश नको, प्रूफ नको. आता कारणं.

२२ कॅरेटबद्दल आपल्या मनात जो हिशेब असतो तो दागिन्यांचा. २२ कॅरेटचे दहा ग्रॅम घेतले की त्यात चोख सोनं ९.१७ ग्रॅम. ईगलचा हिशेब उलटा आहे. एक औंसाच्या ईगलमध्ये चोख सोनं पूर्ण एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम असतं, आणि त्याच्यावर हीण घातलेलं असतं: ३ टक्के चांदी आणि ५.३३ टक्के तांबं. म्हणून नाण्याचं एकूण वजन ३३.९३१ ग्रॅम भरतं. बफेलो ०.९९९९ शुद्धतेचं, त्याचं वजन ३१.१०८ ग्रॅम. सोनं दोन्हींत सारखंच. आपल्या जुन्या तोळ्यात २.६७ तोळे, हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यात ३.११. नाण्यावरचे ५० डॉलर ही नुसती कायदेशीर दर्शनी किंमत, तिचा भावाशी संबंध नाही.

हीण घालण्यामागे कारण आहे. ईगल १९८५ च्या कायद्याने ठरलं आणि १९८६ पासून निघू लागलं. त्याआधी बाजारात राज्य होतं दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगररँड नाण्याचं, तेही २२ कॅरेटचंच. तांब्यामुळे नाणं कडक होतं, कडा दबत नाहीत. बफेलो २००६ मध्ये आलं. दिसायला देखणं, १९१३ च्या निकेलवरचं (पाच सेंटच्या नाण्यावरचं) जेम्स अर्ल फ्रेझरचं चित्र, पण चोख सोनं मऊ असतं. डबीतून काढून हाताळलंत की नखाचे वळही उठतात. बुलियन, म्हणजे निव्वळ सोन्याच्या भावाचं नाणं, म्हणून विकताना त्याने फारसा फरक पडत नाही, पण काही दुकानदार तेवढंच निमित्त करून डॉलर कापतात.

आता दशांश औंसाचं. हिशेब सोपा जावा म्हणून स्पॉट भाव, म्हणजे बाजारातला चोख सोन्याचा औंसामागचा चालू भाव, ४,००० डॉलर धरू. एक औंसाचं ईगल स्पॉटच्या ४ टक्के वर मिळालं तर ४,१६०. दशांश औंसात सोनं ४०० डॉलरचं, पण दुकानात १५ टक्के वर धरलं तर ४६०. चार औंस सोन्यासाठी मोठ्या नाण्यांना १६,६४० आणि चाळीस छोट्यांना १८,४०० मोजाल. फरक १,७६० डॉलर, म्हणजे जवळजवळ अर्धा औंस सोनं हातात न येताच गेलं. विकताना हा जास्तीचा प्रीमियम (स्पॉटच्या वर मोजलेले पैसे) पूर्ण परत मिळत नाही, कारण छोटं नाणं पाडायला कष्ट मोठ्याइतकेच आणि ते कष्ट तुमच्याकडून वसूल झालेले असतात, दुकानदाराला मात्र शेवटी सोन्याचं वजनच दिसतं. अगदी तुकडे हवेच असतील तर तीन नाणी एक औंसाची आणि दोन अर्ध्या औंसाची, एवढ्यावर थांबा.

कॅलिफोर्नियात आणखी एक खोच आहे. एका व्यवहारात २,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेची नाणी घेतली तर सेल्स टॅक्स लागत नाही, त्याखाली लागतो. सॅन होजेत तो नऊ टक्क्यांहून जास्त आहे. दर महिन्याला पगारातून पाव औंस घेण्याची सवय इथेच अंगाशी येते. दोन-तीन महिने पैसे साठवा आणि एकदम घ्या. दुकानाच्या वेबसाइटवर दोन भाव असतात, चेक किंवा वायरचा एक आणि क्रेडिट कार्डचा एक. कार्डाचा साधारण ४ टक्के चढा असतो, त्यापुढे पॉइंट्सचं कौतुक फुकट.

प्रूफ नाणं मिंट थेट ग्राहकाला विकतं, साधं बुलियन विकत नाही. बुलियन ठरलेल्या मोठ्या खरेदीदारांकडे जातं आणि त्यांच्याकडून दुकानांत येतं. प्रूफवर वेस्ट पॉइंटचं डब्ल्यू हे अक्षर असतं, आरशासारखी झळाळी असते, डबी आणि प्रमाणपत्र असतं, आणि किंमत बरीच वर असते. परत विकायला गेलात की बऱ्याच दुकानांत ते साध्या ईगलच्या भावाच्या आसपास मोजलं जातं, डबी हरवली असेल तर वाद घालायलाही जागा उरत नाही. एमएस-७० ग्रेडच्या, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने निर्दोष ठरवून प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद केलेल्या, स्लॅबचंही तेच. 'फर्स्ट स्ट्राइक' किंवा 'अर्ली रिलीजेस' या लेबलांचा अर्थ विक्री सुरू झाल्यावरच्या पहिल्या साधारण महिन्याभरात नाणं ग्रेडिंगला पोचलं इतकाच. ते ठशातून पहिल्यांदा पडलेलं नाणं असेल असं नाही. दरवर्षी ढिगाने ७० ग्रेड मिळतात, त्यात दुर्मीळ काय?

संग्राहकाची खरी मजा दुसरीकडे आहे आणि ती ओळखता आली तर कधीकधी साध्या भावातही मिळते. १९८६ ते १९९१ च्या ईगलवर साल रोमन अंकांत आहे, १९९२ पासून नेहमीच्या अंकांत. १९९९ चं ५ किंवा १० डॉलरचं, म्हणजे दशांश किंवा पाव औंसाचं बुलियन दिसलं तर भिंगाखाली डब्ल्यू शोधा. त्या वर्षी पॉलिश न केलेले प्रूफचे ठसे चुकून बुलियनला वापरले गेले आणि डब्ल्यू असलेली साधी नाणी बाहेर आली. त्यांना वेगळा भाव आहे. बफेलोची एक औंसापेक्षा छोटी नाणी फक्त २००८ मध्ये निघाली. २००९ चं अल्ट्रा हाय रिलीफ (फार उठावाच्या चित्राचं) डबल ईगल, म्हणजे २० डॉलरचं नाणं, २७ मिलिमीटर व्यासाचं, ४ मिलिमीटर जाड, हातात घेतलं की छोट्या पेढ्यासारखं लागतं. पण हा छंदाचा पैसा आहे, तुमच्या चार औंसांतला नाही.

१९३३ पूर्वीची जुनी २० डॉलरची नाणी कधी ईगलपेक्षाही कमी प्रीमियमवर मिळतात. त्यांत सोनं एक औंस नसतं, ०.९६७५ औंस असतं (वजन ३३.४३६ ग्रॅम, शुद्धता ०.९००). भाव काढताना हे विसरलात तर सव्वातीन टक्के गेले. नकलाही भरपूर, म्हणून ग्रेडिंग कंपनीच्या पेटीतलंच घ्या, १९०४, १९२४, १९२७ अशी मुबलक सालं पाहून.

आता तपासणी. इथे बहुतेकांची एक चूक होते: 'एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम' असं डोक्यात ठेवून ईगल काट्यावर टाकतात आणि ३१.१ आलं की समाधान मानतात. ३१.१ ग्रॅमचं ईगल नक्की खोटं. खरं ३३.९३ भरायला हवं. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि डिजिटल कॅलिपर घ्या. ईगलचा व्यास ३२.७० मिलिमीटर, जाडी कडेला २.८७. बफेलोचा व्यास तोच, जाडी २.९५. वजन बरोबर आणि जाडी जास्त असेल तर आत हलका धातू आहे. वजन, व्यास आणि जाडी तिन्ही एकदम जुळवणं हलक्या धातूला जमत नाही.

अडचण टंगस्टनची आहे, कारण त्याची घनता १९.२५ आणि चोख सोन्याची १९.३. म्हणजे बफेलोच्या पोटात टंगस्टन घातलं तर काटा आणि कॅलिपर दोन्ही फसू शकतात. ईगलच्या मिश्रधातूची घनता १७.८ च्या आसपास, त्यामुळे तिथे नुसतं टंगस्टन जास्त जड पडतं आणि नक्कल करणाऱ्याला मिश्रण जुळवत बसावं लागतं. पाण्याची परीक्षा घरी होते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. ईगलला आकडा १.९१ च्या जवळ यावा, बफेलोला १.६१ च्या. नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. टंगस्टनचा संशय उरला तर दुकानातलं विद्युत-वाहकता मोजणारं यंत्र आत खोलवर बघतं, ते कामाला येतं. एक्स-रेचं यंत्र वरचा पातळ थरच वाचतं, जाड मुलामा त्याला फसवतो.

२०२१ च्या मध्यापासून ईगलची मागची बाजू बदलली. आधी मायली बुसिएकने रेखाटलेलं गरुडाचं घरटं होतं, आता जेनी नॉरिसचं गरुडाचं नुसतं डोकं आहे (चेहरा जरा रागीट, पण असो). या नव्या प्रकारात कडेच्या दात्यांत मुद्दाम एक बदल ठेवलाय, नकला पकडायला. भिंगाने कडा फिरवून बघा, दात्यांची ओळ एका जागी खंडित दिसते. दोन्ही प्रकारांच्या मोडीच्या भावात फरक नाही.

ईगलवर कधी तांबूस-तपकिरी ठिपके येतात. ते हिणातल्या तांब्याचे, खोटेपणाची खूण नाही. चिंच, सोडा, टूथपेस्ट, काही लावू नका. ठिपक्याने बुलियनचा भाव जात नाही, घासल्याने जातो. नाणं एक औंसाच्या ईगलच्या मापाच्या कडक डबीत (दुकानात तिला ३२ मिलिमीटरची म्हणतात) ठेवा, अर्ध्या औंसाचं २७ च्या, पाव औंसाचं २२ च्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात काही वर्षांत हिरवट चिकटा धरतो. मिंटच्या नळीत एक औंसाची २० नाणी मावतात, चार नाण्यांसाठी ती मागू नका, आत खडखडून कडा दुखावतात. नाण्याला डाख देऊन कडी जोडून पदक करायचं मनात असेल तर ते आताच काढून टाका, डाख बसला की उरलं फक्त वजन.

घरी ठेवणार असाल तर घराची विमा पॉलिसी उघडून पैसे आणि सोन्याच्या नाण्यांची मर्यादा पाहा. नेहमीच्या पॉलिसीत ती कित्येकदा २०० डॉलर असते. बँकेच्या लॉकरला एफडीआयसीचं (बँक ठेवींच्या सरकारी विम्याचं) संरक्षण नाही, वेगळा विमा लागतो. निवृत्ती खात्यातून घ्यायचं असेल तर ईगल २२ कॅरेटचं असूनही कायद्याने चालतं, पण ठेवायचं मान्य संस्थेकडे. खात्याच्या नावावर कंपनी काढून ईगल घरी ठेवल्याचं प्रकरण २०२१ मध्ये टॅक्स कोर्टात गेलं, आणि कोर्टाने ते पैसे खात्यातून काढले असं धरून कर लावला.

कर: वर्षाहून जास्त ठेवून विकलंत तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर संग्राह्य वस्तूंच्या दराने, कमाल २८ टक्के, शेअरसारखा २० नाही. ईगल विकल्यावर दुकानदार साधारणपणे १०९९-बी (विक्री करखात्याला कळवणारा फॉर्म) पाठवत नाही, त्यावरून 'ईगल करमुक्त' अशी अफवा फिरते. फॉर्म येत नाही, कर लागतोच. खरेदीची पावती स्कॅन करून ठेवा, नाहीतर मूळ किंमत सिद्ध कशी करणार?

पुण्याला न्यायचं म्हणता, तर नाणं दागिन्यात मोडत नाही. परदेशात वर्षभर राहिलेल्यांना दागिन्यांची जी शुल्कमुक्त सवलत असते ती नाण्यांना नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेल्या भारतीय वंशाच्या प्रवाशाला एक किलोपर्यंत सोनं सवलतीच्या ड्यूटीवर आणता येतं, ती परकीय चलनात भरावी लागते. जुलै २०२४ मध्ये ड्यूटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली होती, निघण्याआधी त्या दिवसाचा दर पाहा. उतरल्यावर कस्टमच्या लाल मार्गाने (सामान जाहीर करण्याच्या) जा, पावती सोबत ठेवा. हिरव्या मार्गात पकडलं तर जप्ती आणि दंड.

आणि तिथे सराफाकडे काय होईल? कॅरेटमीटरवर ९१.६ च्या पुढे सोनं, सोबत चांदी आणि तांबं दिसेल, बीआयएसचा हॉलमार्क नाही म्हणून तो नाणं मोडीत धरेल: ३३.९३ ग्रॅम गुणिले २२ कॅरेटचा मोडीचा भाव, वजा त्याची तूट. ग्रेड, साल, डबी यांना शून्य. म्हणून मुलांना द्यायची आठवण वगळता नाणी अमेरिकेतच विका.

विकताना एकाच दिवशी, बाजार चालू असताना तीन दुकानांना फोन करा. 'किती द्याल' असं विचारू नका. 'एक औंसाचं ईगल, कुठलंही साल, चार नाणी, स्पॉटच्या वर की खाली किती' असं विचारा, म्हणजे तीन उत्तरांची तुलना होते. ऑनलाइन दुकानाला पाठवणार असाल तर भाव फोनवर पक्का करून घ्या, यूएसपीएसच्या रजिस्टर्ड टपालाने पूर्ण विमा उतरवून पाठवा, पेटी बंद करण्याआधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि पेटी हलवून बघा. आत काही वाजलं तर पुन्हा बांधा.