पुण्याच्या सहलीबद्दल: डोकी मोजू नका, नावं घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की जत तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवीची ४१ मुलं, शिक्षक तुम्ही दोघंच, आणि जानेवारीत पहिल्यांदाच दोन दिवस पुण्याला न्यायचंय. गाडी कोणती करावी, काय दाखवावं, आणि सातवीतल्या त्या मुलीचं काय करावं, जिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि आजी पाठवायला तयार नाही. हे वाचलं आणि काल रात्री मला झोप लागली नाही. मी माण तालुक्यात २२ वर्षं नोकरी केली, त्यात ११ सहली नेल्या. त्यातल्या एका सहलीबद्दल मी आजवर फारशी कुठे बोलले नाही. तुमच्यासाठी लिहिते.

परवानगी, संमतीपत्रं, विमा, औषधांची पेटी, याबद्दल लिहीत नाही. ते तुमचं गटशिक्षण कार्यालय सांगेलच, आणि परिपत्रकं बदलत असतात, त्यामुळे माझ्या जुन्या माहितीवर विसंबू नका. एवढंच सांगते की आमच्याकडे दहा मुलांमागे एक शिक्षक आणि मुली असतील तर महिला शिक्षक असा दंडक होता, आणि तो योग्यच आहे. ४१ मुलांना दोन माणसं म्हणजे कागदावर कुणी चालवून घेतलं तरी तुम्ही चालवून घेऊ नका. शेजारच्या शाळेला बरोबर घ्या, शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक घ्या. निदान पाच मोठी माणसं हवीत.

गाडी एसटीचीच करा. प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी सहलीपुरती भाड्याने घेतली की, शाळेला निम्मी सवलत मिळते, मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात लवकर जा. डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा गाड्या मागतात. किलोमीटर आगार ते आगार धरतात, त्यामुळे मार्ग आधी पक्का करा, नाहीतर शेवटी जादा पैसे भरावे लागतात आणि ते शिक्षकाच्या खिशातून जातात.

आता मुद्द्याचं.

डिसेंबर २०१७. आमची ४६ मुलं, आम्ही पाच शिक्षक. पुण्यातलं एक मोठं प्रेक्षणीय ठिकाण, नाव घेत नाही. बाहेर वाहनतळावर सात-आठ लाल गाड्या एका रांगेत उभ्या. सगळ्या शाळांच्या सहली. आमच्या पोरांचा पांढरा शर्ट, खाकी पँट. बाजूच्या गाडीतल्या पोरांचाही पांढरा शर्ट, खाकी पँट. चार वाजले होते, मुलं दमलेली, काहींची उलट्यांनी आधीच दैना झालेली. मी दारात उभी राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजलं. ४६. वाटलं चुकलं असेल, म्हणून आत जाऊन पुन्हा मोजलं. ४६. कंडक्टरला सांगितलं, चला.

अर्ध्या तासाने, गाडी पुण्याच्या गर्दीतच होती, बिस्किटं वाटत एक मुलगी मागच्या बाकापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, “बाई, ह्यो आपला न्हाई!”

मागच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून एक मुलगा झोपला होता. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेचा. दमला होता, रंग आणि गणवेश बघून चुकीच्या गाडीत चढला आणि बसल्या बसल्या झोपला. तो जागा झाला, आजूबाजूला अनोळखी तोंडं बघितली आणि असा रडायला लागला की अजून कानात आहे. आणि मग मला कळलं. हा धरून ४६ असतील, तर आमचा एक मागे राहिलाय.

ताई, मोजणी चुकली असती तर बरं झालं असतं. ४५ आले असते तर मी गाडी हलवलीच नसती. त्या दुसऱ्या शाळेच्या सरांची मोजणी एकाने कमी आली, म्हणून ते तिथंच थांबून शोधत होते. माझी बरोबर आली, म्हणून मी निघून गेले.

राहिला होता पाचवीतला मेंढपाळाचा मुलगा. त्याचे वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडलेले, गावात फक्त चुलती. त्याच्या खिशात ना फोन नंबर, ना शाळेचं नाव.

परत पोचायला सव्वापाच झाले. मी आणि एक सर धावतच चौकशीच्या खिडकीवर गेलो. आत टेबलावर ध्वनिक्षेपकाचा माइक मला दिसत होता, हाताच्या अंतरावर. म्हटलं, साहेब, मुलाचं नाव पुकारा, तो आत कुठेतरी आहे. उत्तर मिळालं, “असं तोंडी चालत नाही. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, शिक्का पाहिजे.” लेटरहेड शाळेच्या कपाटात, दीडशे किलोमीटरवर. परवानगीचं मूळ पत्र गाडीत, गाडी पार रस्त्यापलीकडे. सर ते आणायला पळाले. आणल्यावर सांगितलं, हे सहलीचं पत्र आहे, हरवल्याचं नाही. मग वरिष्ठांना विचारायला कुणी गेलं. वरिष्ठ निघून गेले होते. यात ४० मिनिटं गेली. डिसेंबरचा अंधार लवकर पडतो, तुम्हाला माहीत आहे. एका वाक्याच्या पुकाऱ्यासाठी ४० मिनिटं! ज्याच्या हातात बटण आहे त्याला दहा वर्षांच्या पोरापेक्षा शिक्का मोठा वाटावा, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं.

मुलगा सापडला तो पुकाऱ्याने नाहीच. आत झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांना आमच्या मदतनीस बाईंनी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “ते पोरगं? नळापाशी बसलंय की कवापासनं. मी चहा पाजला त्याला.” तो नळाजवळच्या कट्ट्यावर बसला होता, दप्तर पोटाशी धरून. रडला नव्हता. मला म्हणाला, “बाई, तुमी हितंच पाणी प्या म्हनला हुतासा, म्हनून हितनं हललो न्हाई.” पाण्यासाठी रांग होती, तो शेवटचा होता, बाटली भरून वळला तोवर आम्ही गेलेलो.

म्हणून माझं ऐकाल तर या गोष्टी करा. दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असेल, पण यावर मी ठाम आहे.

डोकी मोजू नका. नाव घ्या, मुलाने उभं राहून ‘हजर’ म्हणायचं, आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचं. ४१ नावांना तीन मिनिटं लागतात. दर वेळी गाडीत चढल्यावर, गाडी हलायच्या आधी. ड्रायव्हर-कंडक्टरला पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगून ठेवा की हजेरी झाल्याशिवाय घंटी द्यायची नाही. त्यांनाही पोरंबाळं असतात, ते ऐकतात.

प्रत्येकाला जोडीदार द्या आणि तो दोन दिवस बदलू नका. जोडी मैत्रीवर लावू नका, एक धीट आणि एक बुजरा अशी लावा. जोडीदार दिसला नाही की लगेच ओरडायचं, त्याला चुगली म्हणायचं नाही, हे आधीच आठवडाभर शाळेत घोकून घ्या.

गणवेशावर विसंबू नका. आम्ही पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाच्या डाव्या दंडावर लाल-पिवळी रिबीन शिवली, कासारणीच्या दुकानातली, मीटरवर मिळणारी. लांबूनही ओळखू येते. आणि खिशात जाड कागदाची चिठ्ठी, त्यावर शाळा, तालुका, गाडीचा नंबर आणि दोन शिक्षकांचे मोबाईल. चिठ्ठीवर मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल लगेच विश्वास ठेवतं.

परवानगीच्या पत्राच्या आणि पूर्ण यादीच्या शिक्का मारलेल्या प्रती प्रत्येक शिक्षकाच्या पिशवीत ठेवा. सोबत दोन कोरे लेटरहेड, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. कोऱ्या कागदावर सही देणं बरोबर नाही हे मला कळतं, तुमचे मुख्याध्यापक नको म्हणाले तर आग्रह धरू नका. पण त्या खिडकीवर माझ्याकडे एक असतं तर ४० मिनिटं वाचली असती.

आणि मूल चुकलंच तर खिडकीकडे नंतर जा. आधी झाडणाऱ्या मावशी, फाटकावरचा रखवालदार, बाहेरचा शेंगदाणेवाला. ही माणसं दिवसभर जागेवर असतात आणि पोरं बघतात. त्याच वेळी दुसऱ्या शिक्षकाने ११२ ला फोन लावायचा, मुलांसाठी १०९८ पण आहे. मी तेव्हा हे केलं नाही, शाळेचं नाव खराब होईल म्हणून. ती माझी दुसरी चूक.

त्याच रात्री मी त्याच्या चुलतीला आणि वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. सोबतचे एक सर म्हणत होते, मिळालाय ना, कशाला सांगायचं. सांगा, ताई. मुलाच्या तोंडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. ते वडील माझ्यावर चिडले, आणि तो त्यांचा हक्क होता. पण मुलाच्या धाकट्या बहिणीला त्यांनी माझ्याच शाळेत घातलं.

आता ठिकाणं. एका दिवसात दोन, फार तर तीन. सहा-सात ठिकाणांची यादी पालकांना बरी वाटते, मुलांच्या डोक्यात काही राहत नाही. तुम्ही हायवेने साताऱ्यावरूनच येणार, तर शिरवळजवळ नायगावला थांबा. सावित्रीबाईंचा जन्म तिथला, ३ जानेवारी १८३१. फक्त ३ तारखेला जाऊ नका, जयंतीची प्रचंड गर्दी असते. मग पुण्यात गंज पेठेतला फुले वाडा दाखवा. सावित्रीबाई नायगावहून पुण्याला आल्या आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, हे तिथे उभं राहून सांगितलं की सातवीच्या मुली ज्या नजरेने बघतात ते वर्गात होत नाही. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या आहेत, शांत जागा आहे, डबे खाल्ल्यावर तिथे न्या. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तुमचे वार बघून घ्या. नदीकाठ, धरण, समुद्र काही नको. २०१६ साली मुरूडला सहलीतली मुलं बुडाली, तेव्हापासून मी पाण्याजवळ मुलं नेलीच नाहीत.

मेट्रोत बसवाच. स्वारगेटला चढून कसबा पेठेला उतरलात की शनिवारवाडा चालत जवळ. पण सरकत्या जिन्याआधी पाच मिनिटं थांबा. आमच्या मुली पहिल्या पायरीपाशी थबकल्या आणि मागच्या मुली त्यांच्यावर आदळल्या. ओढण्या कमरेला बांधा, स्लिपरचे अंगठे तपासा, एक शिक्षक आधी वर पोचलेला हवा. ज्याला भीती वाटते त्याला साध्या जिन्याने न्या, जबरदस्ती नको. डब्याचं दार फार वेळ उघडं राहत नाही, तेव्हा दहा-दहाच्या गटाने वेगवेगळ्या दारांनी चढा आणि कुणी फलाटावर राहिलंच तर आत चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून थांबायचं, हे आधीच ठरवा.

उलट्यांसाठी सकाळी भरपेट चहा-चपाती देऊ नका, कोरडी दशमी आणि लिंबू. सॅनिटरी पॅड आणि एक जादा परकर तुमच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा. पाचवीतल्या मुलीलाही लागू शकतं, आणि ती पुरुष शिक्षकांना सांगणार नाही.

राहिला आजीचा प्रश्न. शिपायाकरवी निरोप पाठवू नका, संमतीपत्राचा कागद तर आधी मुळीच काढू नका. संध्याकाळी स्वतः घरी जा, बसा, मुक्काम कुठे, मुली कोणत्या खोलीत, दाराशी कोण झोपणार हे सांगा. आईवडिलांशी फडावर फोन लावून आजीसमोरच बोला. माझ्या पाचवीतल्या पोराचं झालं तेही सांगा, लपवू नका. आणि तरीही नको म्हणाल्या तर त्यांनाच विचारा, तुम्ही येता का.

आम्ही एकदा अशाच एका आजींना नेलं होतं, पालक प्रतिनिधी म्हणून यादीत नाव घालून. गाडी सगळीच आपली असते, एका सीटचे पैसे वाढत नाहीत. केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या काचेपुढे मी पाटी वाचून दाखवत होते. पोरं इकडेतिकडे बघत होती. आजी पुढे आल्या, एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगायला लागल्या, हा अडकित्ता, ही वज्री, ह्यानं टाच घासायची, माझ्या सासूकडं असलीच हुती, मोराची. सगळी पोरं त्यांच्याभोवती. संग्रहालयातले एक कर्मचारीही येऊन ऐकत उभे राहिले. रात्री मुलींच्या खोलीत दाराशी त्याच झोपल्या. तेव्हा पुढची, ड्रायव्हरमागची खिडकीची सीट रिकामी ठेवा. वयस्कर माणसाला मागे धक्के बसतात.