कॅर प्रकारचा इंडेक्स आणि कंपायलरची वॉर्निंग

प्रश्न : मजकुरात कोणते अक्षर किती वेळा आले हे मोजण्यासाठी मी सी भाषेत २५६ घरांचा ॲरे (ओळीने मांडलेल्या किमतींचा संच) घेतला असून कॅर प्रकारचे (एका बाइटात एक अक्षर ठेवणारे) व्हेरिएबल थेट इंडेक्स, म्हणजे घराचा क्रमांक, म्हणून वापरतो. इंग्रजी मजकुराची मोजणी बरोबर येते, तरीही जीसीसी हा कंपायलर 'डब्ल्यू-ऑल' (नेहमीच्या वॉर्निंग दाखवण्याचा) पर्याय दिल्यावर इंडेक्सचा प्रकार कॅर असल्याची वॉर्निंग देतो. इंट या पूर्णांकाच्या प्रकारात टाइपकास्ट केले (किमतीचा प्रकार बदलला) की ती जाते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या उपायाने वॉर्निंग गेली, दोष मात्र जागेवरच राहिला. नुसते कॅर चिन्हासहित (ऋण आकडेही घेणारे) धरायचे की चिन्हरहित, हे सी भाषेच्या मानकाने कंपायलरवर सोपवले आहे. एक्स८६ (इंटेल, एएमडी प्रोसेसरच्या) संगणकांवर जीसीसी ते चिन्हासहित धरतो, म्हणजे त्यात -१२८ ते १२७ एवढेच आकडे मावतात. इंग्रजी अक्षरांचे संकेतांक १२७ च्या आत असल्यामुळे तुमची मोजणी आजवर बिनबोभाट चालली.

आता याच प्रोग्रामला मराठी मजकूर देऊन पाहा. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत 'म' हे अक्षर २२४, १६४ आणि १७४ अशा तीन बाइटांत साठवले जाते. चिन्हासहित कॅरमध्ये त्यांचेच -३२, -९२ आणि -८२ होतात. इंटमध्ये टाइपकास्ट केले तरी -३२ हे -३२ च राहते आणि प्रोग्राम ॲरेच्या सुरुवातीच्या आधीच्या, दुसऱ्याच कशाच्या तरी मेमरीत एक मिळवून मोकळा होतो. कधी तो तिथेच बंद पडतो, कधी भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलते; हा दुसरा प्रकार शोधून काढणे अधिक जिकिरीचे. एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवरील लिनक्सवर कॅर सहसा चिन्हरहित असल्याने तिथे हाच प्रोग्राम बरोबर चालतो, आणि दोष आपल्या कोडमध्ये आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही!

म्हणून टाइपकास्ट करायचेच तर ते अनसाइन्ड (चिन्हरहित) कॅरमध्ये करावे. अक्षराचा प्रकार तपासणाऱ्या 'इझअल्फा'सारख्या फंक्शनांनाही हाच नियम लागू आहे. फाइल 'एफगेटसी' या एकेक बाइट वाचणाऱ्या फंक्शनने वाचत असाल, तर ते फंक्शन मुळातच ० ते २५५ मधील बाइट किंवा फाइल संपल्याची ऋण खूण इंट म्हणून परत करते. ती किंमत इंटमध्येच ठेवावी आणि फाइल संपली नाही ना हे तपासून मग इंडेक्स म्हणून वापरावी. टाइपकास्टची गरजच उरणार नाही.