मेसेज का पुसला, भाऊ?

वणीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेले वाचक लिहितात: ‘डिसेंबर ते फेब्रुवारी दिवाणजीनं माझा रात्रपाळीचा भत्ता दोनदा धरला. महिन्याला ४,२०० रुपये जास्त आले, एकूण १२,६००. आता शेठ म्हणतात, परत करा. चूक त्यांची, पैसे तर खर्च झाले, मी का भरू? जिल्हा परिषद शाळेतला शिपाई मित्र म्हणतो, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, वसुली करताच येत नाही. बायको बचत गटाचा हिशेब ठेवते, मोबाईल तिच्या हाती असतो, म्हणून पगाराचा मेसेज मी पुसून टाकायचो. काय करावं?’

भाऊ, शेठ, दिवाणजी, कोर्ट सगळ्यांवर तुम्ही भरभरून लिहिलंत आणि मेसेजची ओळ पार शेवटी, जाता जाता. मी तिथंच अडकले. एकदा पुसला असता तर सोडून दिलं असतं. तीन पगार, तीनदा! म्हणजे पैसे जास्त आलेत हे दिवाणजीच्या आधी तुम्हाला कळलं होतं. ‘चूक त्यांची’ हे मला नका सांगू.

तो २०१४ चा निकाल सरकारी नोकरीतल्या वर्ग तीन-चारच्या लोकांसाठी आहे. मित्राच्या कामी येईल, जिनिंगमध्ये नाही. खासगी नोकरीत जास्त गेलेला पगार कापून घ्यायची मुभा कायदाच देतो. फक्त सगळी कपात मिळून निम्म्या पगाराच्या वर जाऊ नये. शेठकडे २,१०० चे सहा हप्ते मागा आणि कागदावर लिहून घ्या. ऐकतील. रेच्यावर, सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, रात्र काढणारा भरवशाचा माणूस त्यांना तरी कुठं सहज मिळतो?

मला घोर आहे तो घरचा. गटातल्या बायांचे शंभर-शंभर रुपये जी बाई वहीत टिपून ठेवते, तिच्यापासून तुम्ही १२,६०० लपवले. ते गेले कुठं, हे मलाही लिहिलं नाहीत. ‘खर्च झाले’ म्हणे! आपोआप होतात काय, बापा? मी नाही विचारत. ती विचारेल.

आज दुपारी बँकेत जाऊन पासबुकात एंट्री मारून आणा. मेसेज पुसला तरी तिथली ओळ राहतेच. रात्री जेवणं झाली की ते तिच्यापुढं ठेवा, आणि पैसे कशात घातले ते तिनं विचारायच्या आत सांगा. चिडेल. चिडू द्या. सहा महिने २,१०० कमी येणार, ते तिलाच घरखर्चात बसवायचे आहेत. शेठकडे उद्या जा.