वाचकांचे प्रश्न : जुन्या टेम्पोच्या हौद्याला घरीच कोटिंग करता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे २००९ सालचा टाटा ४०७ आहे. हर्णै बंदरावरून मासळीचे क्रेट भरून मी दापोली आणि खेडच्या बाजारात पोचवतो. मासेमारी बंद असते तेव्हा चिरे, आंब्याच्या पेट्या, जे मिळेल ते भाडे करतो. हौदा पत्र्याचा असून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच बाजूंचा आहे. तळाला जागोजागी गंज धरला आहे. दरवर्षी मारलेला ऑइलपेंट वर्ष पुरे होण्याआधीच पापुद्र्यांनी निघतो. फवारून मारायचे, खरखरीत, रबरासारखे काळे कोटिंग मिळते असे कळले. शेजाऱ्यांचा लहान कंप्रेसर मिळेल, अंगणात जागाही आहे. हे काम घरीच केले तर चालेल का आणि माल किती लागेल? घरात आईला दमा आहे, म्हणूनही विचारतो.
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र ऑइलपेंट दरवर्षी का निघतो हे आधी पाहिले पाहिजे, कारण ते कारण तसेच राहिले तर दसपट किमतीचे कोटिंगही त्याच वाटेने जाईल.

मासळीच्या गाडीच्या पत्र्यावर दोन गोष्टी मुरलेल्या असतात. पहिली म्हणजे मीठ. क्रेटमधून गळणारे खारे पाणी गंजाच्या बारीक खड्ड्यांत शिरते, वाळते आणि मीठ तिथेच मागे ठेवते. वरून रंग दिला की ते मीठ रंगाच्या थरातून आतपर्यंत ओलावा ओढून घेते, थराखाली फोड येतात आणि फोडाच्या आत गंज चालूच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे माशाचे तेल. हवा लागून हे तेल पत्र्यावर चिवट पापुद्र्यासारखे बसते आणि त्यावर कोणताही रंग धड चिकटत नाही. रंगावर तेलकटपणामुळे जे गोल खळगे पडतात त्यांना पेंटर लोक ‘फिश आय’ म्हणतात; मासळीच्या गाडीला ते पडावेत यात नवल नाही.

तेव्हा आपले पहिले काम धुलाईचे आहे. गरम पाणी आणि साबणाची पूड घेऊन ताठ ब्रशने हौदा दोनतीनदा घासून काढावा आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने धुवावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते या कामाला वापरू नये. ओल्या पत्र्यावर पाणी सलग पसरले तर तेल गेले असे समजावे, थेंब थेंब होऊन फुटले तर पुन्हा घासावे. त्यानंतर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुटा गंज आणि जुना रंग काढावा, खोल खड्डे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उघडे करावेत आणि पत्रा पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी त्या खड्ड्यांत ठिपक्याठिपक्यांनी ताजा तांबूस गंज उठलेला दिसला, तर मीठ अजून आत आहे. अशा वेळी तिसऱ्यांदा धुण्याला पर्याय नाही. कंटाळा येतो हे मान्य आहे, परंतु या सगळ्या कामात पैशाने विकत न मिळणारा भाग एवढाच आहे.

गंज काढताना हातोडीच्या बोथट टोकाने तळ टोकून पाहावा. आवाज बसका आला किंवा पत्रा दबला तर तिथे कोटिंगचा विचार सोडून, तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि डिझेलच्या टाकीकडे ठिणगी जाणार नाही अशी आड ठेवावी. कोटिंगचा जाड थर सडलेल्या पत्र्याला ताकद देत नाही. उलट पत्रा सडल्याचे लपवतो आणि मग एके दिवशी चिऱ्यांसकट तळ खाली येतो.

खड्ड्यांत उरलेल्या पातळ गंजासाठी गंज-परिवर्तक द्रव मिळतात. टॅनिक आम्लाच्या द्रवाने गंज काळानिळा होऊन स्थिर होतो. पोपडे आलेल्या गंजावर मात्र त्याचा उपयोग नाही, आणि फॉस्फरिक आम्लाचा द्रव वापरला असेल तर डब्यावरील सूचनेप्रमाणे त्याचा अंश धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. त्यावर दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर द्यावा. आपल्याकडे सवयीने मारला जाणारा साधा रेड ऑक्साइड इथे चालत नाही, कारण कोटिंगमधील तीव्र द्रावकाने तो मऊ पडतो आणि सुरकुतून उचलला जातो.

आता कोटिंगबद्दल. या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पॉलियुरियाचे दोन घटक सुमारे ७० अंशांपर्यंत तापवून प्रचंड दाबाने एकत्र फवारावे लागतात आणि ते काही सेकंदांत घट्ट होते. त्यासाठी मोठे यंत्र लागते, म्हणून ते घरी करण्याचे काम नव्हे. घरगुती म्हणून जे किट मिळते ते बहुधा दोन घटकांचे पॉलियुरेथेन असते. त्यात मूळ द्रव आणि हार्डनर ठरावीक प्रमाणात, बऱ्याच किटमध्ये तीनास एक, मिसळतात आणि बाटली खालून जोडता येणाऱ्या, अंडरबॉडीच्या साध्या गनने मारतात. हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकते, हा पेंटरांमधील समज खोटा आहे; प्रमाण बिघडले की थर एकतर ठिसूळ होतो किंवा चिकट राहतो. उन्हाळ्यात मिसळलेला माल बराच लवकर घट्ट होतो, म्हणून एका वेळी एकच बाटली मिसळावी.

मालाचा हिशेब सोपा आहे. तळ ६० चौरस फूट, दोन लांब बाजू मिळून ३० आणि पुढची भिंत व फाळका मिळून १८, असे १०८ चौरस फूट, म्हणजे सुमारे १० चौरस मीटर होतात. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो. चार लिटरचे एक किट आपल्या हौद्यावर ०.४ मिलिमीटर ओला थर देईल आणि द्रावक उडून गेल्यावर तो आणखी पातळ होईल. क्रेट ओढणे आणि चिरे टाकणे या वापराला तेवढे पुरणार नाही. दोन किट, म्हणजे आठ लिटर धरावेत आणि तळाला बाजूंपेक्षा एक हात जास्त द्यावा. हवेचा दाब कमी ठेवला तर दाणा जाड येतो, वाढवला तर बारीक येतो. जाड दाणा दिसायला रुबाबदार असला तरी त्यात माशाची खवले अडकून बसतात आणि वास जात नाही, म्हणून आपण बारीक दाणाच घ्यावा. मासळी क्रेटमध्येच ठेवावी. अन्नाच्या थेट स्पर्शासाठी प्रमाणित असल्याचे डब्यावर लिहिले नसेल तर उघडा बर्फ किंवा मासे त्यावर ओतू नयेत.

हवामानाचा प्रश्न कोकणात अधिक नाजूक आहे. हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. त्यामुळे दमट पत्र्यावर किंवा कंप्रेसरच्या नळीतून पाणी आले तर थरात बुडबुडे धरतात. नळीला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. पावसाळ्यात हे काम करू नये. डिसेंबर किंवा जानेवारीतील कोरडा दिवस निवडावा, पहाटेचे दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करावी आणि गाडी सावलीत ठेवावी, कारण उन्हात तापलेल्या पत्र्यावर थर वरून सुकतो आणि आत द्रावक कोंडतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतला ओलावा ज्या तापमानाला दव होऊन जमतो त्यापेक्षा, निदान तीन अंशांनी जास्त असावे, हा कोटिंगच्या धंद्यातील जुना दंडक आहे.

आता आईच्या दम्याविषयी. आयसोसायनेट हे व्यावसायिक, म्हणजे कामाच्या जागी जडणाऱ्या, दम्याचे एक प्रमुख कारण म्हणून जगभर ओळखले जाते. फवारताना त्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात, घातक प्रमाणातही त्याचा वास येईलच असे नाही आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्रेनेही धाप लागू शकते. नाव ऐकून काही वाचकांना भोपाळ आठवेल. १९८४ मध्ये तिथे गळलेला मिथाइल आयसोसायनेट हा वायू वेगळा होता आणि तो या किटमध्ये नसतो, पण रसायनांचे कूळ एकच आहे. रुमाल, कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क यापुढे निरुपयोगी आहे. फवारणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, शिवाय हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे लागतात. आपल्या अंगणाची हवा शेवटी घरातच जाणार.

म्हणून माझे मत असे आहे की धुलाई, गंज काढणे आणि पॉलिश पेपरचे काम आपण घरी करावे. त्यात मजुरीचा मोठा भाग वाचतो आणि काम आपल्या डोळ्यांदेखत चोख होते. प्रायमर आणि फवारणी मात्र बंद बूथ आणि हवा पुरवणारा मास्क असलेल्या गॅरेजकडून करून घ्यावी. शेजाऱ्यांचा लहान कंप्रेसर तसाही अपुरा पडेल, कारण ही गन हवा फार खाते आणि मध्येच दाब पडला की दाणा विस्कटतो. तेवढे मोठे गॅरेज जवळ नसेल तर रोलरने लावायचे कोटिंग घ्यावे. त्यात थेंब उडत नाहीत, तरीही ते वस्तीपासून दूर मोकळ्या जागी, सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि हातमोजे घालूनच लावावे, आणि आईंना त्या दिवसापुरते नातेवाइकांकडे पाठवावे.

तळाची पाणी जाण्याची भोके कोटिंगपूर्वी लाकडी खुंट्यांनी बंद करून नंतर आठवणीने उघडावीत. ती बुजली तर मासळीचे पाणी हौद्यातच साचेल. फाळक्याच्या बिजागऱ्या, परावर्तक पट्ट्या आणि चासी नंबर कागद लावून झाकावेत. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते आणि त्या वेळी चासी नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. थर तासाभरात हाताला कोरडा लागला तरी हलका माल दोनतीन दिवसांनी आणि चिरे आठवड्यानंतरच भरावेत.

प्रश्न : हेच कोटिंग गाडीच्या खालच्या बाजूलाही मारावे का? आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी खाली काळे ऑइल फवारण्याची पद्धत आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खाली मारू नये. चासीचे सांधे आणि पोकळ भाग आतून साफ करता येत नाहीत, त्यामुळे कडक थराखाली गंज कोंडला जातो आणि थराची कड कुठे उचलली तर तिथे चिखल-पाणी साठते. तिथे मेणासारखे, सांध्यांत झिरपणारे गंजरोधक बरे. ते धुपते, म्हणून दरवर्षी पुन्हा द्यावे लागते. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, हँडब्रेकची केबल आणि पाटे त्यातून वगळावेत. काळ्या, म्हणजे जळक्या ऑइलने रबरी बुश फुगतात, ते रस्त्यावर आणि विहिरीकडे जाणाऱ्या पाण्यात गळते आणि पुढे कधी रंग द्यायचा झाला तर तो धरत नाही.

प्रश्न : काळे कोटिंग बाहेरच्या बाजूंना आणि केबिनलाही मारले तर आर.टी.ओ.ची अडचण येईल का?
— एक वाचक, महाड

उत्तर : हौद्याच्या आतील थराने अडचण येत नाही. गाडीचा रंग मात्र नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, त्यामुळे पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आर.टी.ओ.कडे अर्ज करून नोंद बदलून घ्यावी. बाहेरून मारायचेच असेल तर उन्हात न फिकटणारे, अॅलिफॅटिक प्रकारचे पॉलियुरेथेन मागावे. स्वस्तातले अॅरोमॅटिक काही महिन्यांत पांढुरके पडते आणि हात फिरवला की बोटांना भुकटी लागते.