कोणाला काय कळलं, आणि केव्हा

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय पोरी,

रिक्षास्टँडच्या मॉडेलचा तुझा कोड काल चालवून पाहिला. तलावपाळीच्या बाकावर बसून तू तो आलेख दाखवत होतीस, तेव्हा तुझा चेहरा इतका फुलला होता की तिथे काही बोलवलं नाही. एक अक्षरही न बदलता मी तो घरी पाच वेळा चालवला. तीनदा प्रवासी आणि रिक्षा जुळवण्याचा तुझा नवा नियम जिंकला, दोनदा जुना. सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, तर तू ४२ वर बांधून ठेवलेलं आहेस. मग आकडे हलतात कशाने?

कारण सापडायला पाऊण तास गेला. स्टँडवरच्या चाळीस रिक्षांची नावं तू एका सेटमध्ये, म्हणजे ठरलेला क्रम नसलेल्या संग्रहात, ठेवली आहेस. पायथनमध्ये ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश, म्हणजे सेटमधली तिची जागा ठरवणारा आकडा, प्रोग्राम सुरू होताना दर वेळी नव्याने ठरतो. सुरक्षेसाठी ते मुद्दाम तसं केलेलं आहे आणि तुझ्या सीडशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे सेटवर लूप फिरवला की रिक्षांचा क्रम दर रनला वेगळा येतो. पण एकाच रनच्या आत मात्र तो तसाच राहतो. ज्या रिक्षाचं नाव योगायोगाने पुढे आलं, ती प्रत्येक टप्प्याला पहिली, आणि समोरचं गिऱ्हाईक तिचं. मी फेऱ्या मोजल्या. एका रनला ‘रिक्षा_१७’च्या ६१ फेऱ्या, ‘रिक्षा_०४’च्या १९. पुढच्या रनला सतरा नंबर तळाशी. स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही रिक्षावाल्याला हे दाखव, तो पहिल्यांदा हेच विचारेल की हा रोज पुढे कसा?

तू प्रत्येक एजंटचा, म्हणजे स्वतः निर्णय घेणाऱ्या प्रत्येक रिक्षाचा, कोड किती मन लावून लिहिला आहेस ते मला दिसलं. चार्जिंग कधी संपेल, घोडबंदरचं भाडं घ्यायचं की जवळचं, सगळं त्यात आहे. पण अनेक एजंटांच्या व्यवस्थेत एकेका एजंटची हुशारी हा अर्धाच भाग असतो. कोणाला काय कळलं, केव्हा कळलं आणि आधी कोण हललं, हा उरलेला अर्धा भाग. तो तू लिहिला नाहीस, म्हणून पायथनने तुझ्या वतीने लिहिला.

संशोधनात हे आधीही घडलंय. १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी चौकटींच्या जाळीवर कैद्यांच्या पेचाचा खेळ मांडला, म्हणजे समोरच्याशी सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे दोघांनी आपापलं ठरवायचा खेळ. प्रत्येक चौकट शेजाऱ्यांशी खेळते आणि ज्याची कमाई जास्त त्याची चाल उचलते. सहकार्य करणारे आणि दगा देणारे दोघेही टिकून राहिले, पडद्यावर सुंदर नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी बर्नार्डो ह्युबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी नियम तेच ठेवून फक्त एवढंच बदललं की सगळ्या चौकटी एकाच क्षणी बदलण्याऐवजी एकामागून एक बदलतील. सहकार्य पुसलं गेलं, जाळीभर दगाबाज उरले. त्यावर नोवाक आणि मे यांच्या बाजूनेही उत्तर आलं: एकेक करून बदललं तरी दग्याच्या फायद्याच्या काही किमतींना सहकार्य टिकतं. दोन्ही बाजूंचं ते काम मला आवडतं, कारण वाद नेमका मुद्द्यावर आहे. घड्याळ कसं चालतं हा मॉडेलचाच भाग आहे.

आता काय करायचं ते सांगते. सेट काढ, लिस्ट घे, आणि प्रत्येक टप्प्याला ती, सीड दिलेल्या यादृच्छिक आकड्यांच्या जनरेटरने, पत्त्यांसारखी पिस. मात्र एकच जनरेटर सगळीकडे वापरू नकोस. प्रवासी कधी येतात त्याला एक, रिक्षांच्या क्रमाला दुसरा, एजंटच्या निर्णयांना तिसरा. नाहीतर निर्णयात एक जास्तीचा आकडा ओढलास की पुढचे सगळे प्रवासी वेगळ्या वेळी येतात आणि तू दोन नियमांची तुलना दोन वेगळ्या संध्याकाळींवर करत बसतेस. वेगवेगळे जनरेटर असले की जुना नियम आणि नवा नियम एकाच गर्दीसमोर उभे राहतात. अशा किमान तीस सीडवर जोडीजोडीने फरक काढ आणि ते सगळे फरक वेगवेगळे दाखव. फक्त सरासरी नको.

दुसरी गोष्ट तुझ्या ‘जवळची रिक्षा शोध’ या फंक्शनमधली. प्रत्येक रिक्षा इतर सगळ्या रिक्षांची जागा थेट वाचते. मेमरी एकच असल्यामुळे कोड मुकाट्याने चालतो, पण माजिवड्याला उभ्या असलेल्या रिक्षाला स्टेशनजवळची कोणती रिक्षा रिकामी आहे हे कळायला कोणीतरी सांगायला हवं ना? लहानपणी बाबांबरोबर वाशीच्या फळबाजारात जायचे, तेव्हा आंब्याचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळायचं नाही. तुझ्या एजंटांमध्ये तो रुमालच नाही. तुझ्या नव्या नियमाचा निम्मा फायदा या फुकटच्या माहितीतून येत असावा, असा मला दाट संशय आहे. माहिती फक्त निरोपातून जाऊ दे आणि पुन्हा मोज.

निरोपांच्या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगते, म्हणजे तुझे आठवडे वाचतील. महापेला नोकरीला लागल्यावर मी जेडमध्ये, म्हणजे एजंट लिहायच्या एका सॉफ्टवेअर-चौकटीत, काँट्रॅक्ट नेट लिहिलं होतं. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत तुला माहीत आहे: व्यवस्थापक काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात, तो एकाला काम देतो. माझ्या मशीनवर शेकडो रन झाले, एकही बिघाड नाही. दोन मशीनवर टाकलं आणि छोट्या कामाची बोली लावणाऱ्या एजंटला त्याच्या आवाक्याबाहेरची मोठी कामं मिळू लागली. दोन दिवस मी बोली काढायचं सूत्र तपासत बसले. सूत्र बरोबरच होतं. नेटवर्कमध्ये अडकलेली मागच्या कामाची बोली उशिरा यायची आणि व्यवस्थापक ती पुढच्या कामाची समजून घ्यायचा. फिपा या एजंटांसाठीच्या प्रमाणानुसार लिहिलेल्या निरोपात संभाषण क्रमांक आणि उत्तराची मुदत या दोन्हींना जागा आहे. मी दोन्ही रिकाम्या सोडल्या होत्या आणि पेटीत जो निरोप आधी दिसेल तो उचलत होते. एका मशीनवर निरोप कधी उशिरा आलाच नाही, म्हणून चूक कधी दिसलीच नाही.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी टपाल्या लिहिते. सगळे निरोप त्याच्या हातून जातात आणि तो सीडप्रमाणे काही निरोप उशिरा देतो, काही हरवतो, काही दोनदा देतो. तूही लिही, पन्नास ओळींचं काम आहे. त्याच्या वहीत प्रत्येक निरोपाची नोंद ठेव: कोणी, कोणाला, कोणत्या संभाषणात, कितव्या क्रमांकाने. घड्याळातल्या वेळेवर विसंबू नकोस. दोन मशीनची घड्याळं जुळत नाहीत. ‘आधी’ म्हणजे नेमकं काय, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलंय. तो लेख लहान आहे, या आठवड्यात वाचून काढ.

टेस्ट लिहिताना ‘सरासरी वेळ अमुक यावी’ असं लिहू नकोस, ते तर तुला शोधायचंय. टपाल्याने कितीही छळलं तरी जे मोडता कामा नये, ते लिही. एक प्रवासी एकाच वेळी दोन रिक्षांत नाही. वाट पाहणारे, बसलेले आणि पोचलेले मिळून आलेल्या प्रवाशांइतके. मुदत संपल्यावर आलेल्या बोलीला काम नाही. हे प्रत्येक टप्प्याला तपास, आणि जिथे मोडेल तिथेच रन थांबवून सीड छापून घे.

पुढे तू निर्णय भाषा-मॉडेलकडून घेणार म्हणालीस. घे, पण हे सगळं पक्कं झाल्यावर. तिथे तापमान, म्हणजे उत्तरातला यादृच्छिकपणा ठरवणारा आकडा, शून्य ठेवलं तरी उत्तर दर वेळी तेच येईल याची खात्री नसते, म्हणून उत्तरं साठवून तीच पुन्हा वाजवता येतील अशी सोय आधी कर.

नियम जिंकेलही. कल्पना चांगली आहे, मला ती मनापासून आवडली आहे, म्हणूनच इतकं लिहिलं.

पुढच्या रविवारी घरीच ये. लॅपटॉप नसला तरी चालेल. दोन रिक्षा आणि तीन प्रवासी कागदावर मांडून हाताने सोडवून आण. पेन्सिलने सोडव, क्रम बदलून तो परत सोडवायचा आहे.

तुझी,
मावशी