‘जळगावचे माजी खासदार’ म्हणजे नेमके कुठले?

शाळेच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : दिवंगत हरिभाऊ जावळे यांना ‘जळगावचे माजी खासदार’ म्हणायचं की ‘रावेरचे’? आणि ‘तत्कालीन जळगावचे माजी खासदार’ असं लिहिलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं : दोन्ही बरोबर. 2007 च्या पोटनिवडणुकीत ते जळगावमधून आणि 2009 मध्ये रावेरमधून निवडून आले. पण त्यांनी मतदारसंघ बदलला असं म्हणण्यापेक्षा मतदारसंघानेच नाव बदललं म्हणणं जास्त खरं. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जळगाव जिल्ह्यातल्याच एरंडोल मतदारसंघाचं नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. जुन्या एरंडोलचा बराच भाग ‘जळगाव’ झाला आणि जुन्या जळगावचा बराच भाग ‘रावेर’. म्हणून एम. के. अण्णा पाटील एरंडोलचे खासदार, ए. टी. नाना पाटील जळगावचे. एरंडोलच्या मतदाराला मात्र दोघेही ‘आमचेच’.

खरा घोळ ‘चे’ या प्रत्ययाचा. गावचा रहिवासी आणि गावाने निवडून दिलेला, यांत तो भेद करत नाही. अहिराणीतला ‘ना’सुद्धा करत नाही : ‘जळगावना खासदार’. 1957 साली पूर्व खानदेशातून (म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याच्या भागातून) लोकसभेवर गेलेले नौशीर भरुचा मुंबईचे. त्यांना पूर्व खानदेशचे खासदार म्हणावंच लागेल, पण ‘खानदेशी खासदार’ म्हटलं की ऐकणारा बिचकेल. त्याच निवडणुकीत धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील आले. त्यांना दोन्ही शोभतं.

आता ‘माजी’ आणि ‘तत्कालीन’. ‘माजी’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे आला, आणि तो बोलणाऱ्याच्या आजपासून मोजला जातो. ‘तत्कालीन’ मोजला जातो प्रसंगाच्या दिवसापासून. समजा तुमच्या शाळेची कोनशिला 2008 मध्ये जावळेंच्या हस्ते बसली असेल, तर ‘तत्कालीन खासदार’ हवं. त्या दिवशी ते माजी नव्हतेच. दोन्ही शब्द एका दमात आले की वाचक ‘तत्कालीन’ कुणाला जोडायचं या विचारात पडतो : जळगावला की खासदाराला?

‘जुन्या जळगावचे खासदार’ हा तोडगाही नको. जुने जळगाव ही शहरातली वस्ती आहे, माणूस नगरसेवक वाटेल! आणि ‘पूर्वाश्रमीचा एरंडोल मतदारसंघ’ हे वर्तमानपत्री वळण मला मुळीच रुचत नाही. एरंडोलने काही संन्यास घेतलेला नाही, तालुका जागेवर आहे. सरळ लिहा : ‘जळगाव (2007) आणि रावेर (2009) मतदारसंघांतून निवडून गेलेले दिवंगत हरिभाऊ जावळे’. वर्ष घातलं की ‘जुना’, ‘तत्कालीन’ कशाचीच गरज उरत नाही.

जाता जाता एक. मानचिन्हांवर सर्रास दिसणारं ‘जिल्ह्याचे खासदार’ टाळाच. साक्री-शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण मत नंदुरबारला. मालेगाव आणि बागलाण नाशिक जिल्ह्यात, पण मत धुळ्याला. मलकापूर तर बुलढाण्याचं, आणि मत रावेरला. माणिकराव गावित 1981 पासून नंदुरबारचे खासदार होते, नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. त्याआधीच्या कार्यक्रमाच्या फोटोखाली ‘नंदुरबार जिल्ह्याचे खासदार’ छापलंत, तर तो जिल्हा तेव्हा धुळे होता हे सांगायला साक्रीचा एखादा निवृत्त गुरुजी नक्की फोन करील.