जुळ्या दगडी घराची सामाईक भिंत आणि शेजाऱ्याचे पाडकाम

प्रश्न : आमचे आजोबांच्या काळातील जुळे दगडी घर वारसा यादीत आहे. १९७८ च्या नोंदणीकृत वाटणीपत्रानुसार एक भाग माझा, दुसरा चुलतभावाचा आणि मधली भिंत सामाईक आहे. तो आपला भाग पाडून आर.सी.सी. इमारत बांधणार आहे. मला हे थांबवता येईल का?

उत्तर : चुलतभावाने स्वतःच्या भागाचे काय करावे, हे आपल्याला केवळ शेजारी म्हणून ठरवता येणार नाही; मात्र मधल्या भिंतीबाबत आपली बाजू भक्कम आहे, आणि अशा घरात खरा प्रश्न त्या भिंतीचाच असतो. जुन्या दगडी भिंतीत बहुधा दोन्ही अंगांना घडीव दगड आणि आत चुना व दगडगोट्यांचा भराव असतो. दोन्ही घरांच्या तुळया तिच्यात रोवलेल्या असल्याने एका बाजूच्या तुळया उपटल्या, तर भराव ढिला होऊन आपल्या बाजूचे छतही धोक्यात येऊ शकते.

एका सहमालकाला सामाईक भिंत दुसऱ्या सहमालकाच्या संमतीशिवाय पाडता येत नाही. शिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १३ नुसार वाटणीतून निर्माण होणारा आवश्यक सुविधाधिकार (शेजारच्या मिळकतीकडून आपल्या मिळकतीला लागणारी सोय मिळण्याचा हक्क) आणि कलम १५ नुसार वीस वर्षे शांतपणे व अखंड मिळालेल्या आधाराचा हक्क, असे दोन्ही मुद्दे आपल्याला मांडता येतील. मात्र कलम २७ मुळे तो हक्क दुरुस्ती करण्याची सक्ती चुलतभावावर करत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार पाडकाम हाही ‘विकास’ असल्याने परवानगी लागते. तिचा अर्ज व नकाशे माहितीच्या अधिकारात मिळवा आणि दर्शनी बाजू व छप्पर ही एकच रचना असल्याने अर्ध्या घराचा वेगळा विचार होऊ नये, अशी लेखी हरकत नियोजन प्राधिकरणाकडे व वारसा समितीकडे नोंदवा.

त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून छायाचित्रांसह अहवाल घ्या, कारण पाडकामानंतर तडे जुने की नवे हे सिद्ध करणे अवघड जाते. काम सुरू होण्याची चिन्हे दिसताच दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम आणि आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनरची (जागेची पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणाऱ्या व्यक्तीची) नेमणूक मागा. सर्व पाहत गप्प राहिल्यास मनाई मिळणे कठीण होते.

तडजोड होत असेल, तर तुळया न उपटता भिंतीलगत कापणे, ब्रेकर न वापरता हाताने पाडकाम करणे आणि उघड्या पडलेल्या भिंतीला सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा देणे, या अटी करारात घाला. सिमेंट ओल आत कोंडते. हा खर्च चुलतभावाने करावा, हेही त्यातच स्पष्ट लिहून घ्या.